नवोदित आंतरराष्ट्रीय उद्योगसंस्था व आर्थिक अरिष्टे

स्थापनेच्या वेळीच किंवा त्यानंतर अल्पावधीत ज्या उद्योगसंस्था एकाहून अधिक देशांतील साधनसामग्री वापरून अनेक देशांत आपला माल वा सेवा विकू लागतात, त्यांना नवोदित आंतरराष्ट्रीय उद्योगसंस्था असे म्हणतात. ‘जन्मतः जागतिक’ अशीही संज्ञा त्यांना लावली जाते. कोणत्या संस्थेस या वर्गात गणावे याबद्दल एकमत नाही. तथापि स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत एकूण विक्रीपैकी किमान २५% विक्री परदेशांत होणे, ही कसोटी संशोधनात बरीच रूढ आहे. या संस्था बहुराष्ट्रीय निगमांहून भिन्न असतात. बहुराष्ट्रीय निगम सामान्यतः प्रथम स्वदेशात मोठा होतो आणि मग कारखाने, शाखा व दुय्यम कंपन्या यांच्या रूपाने इतरत्र पसरतो. त्याच्यापाशी भांडवल, मालमत्ता व पत असते. नवोदित आंतरराष्ट्रीय संस्थेपाशी यांपैकी फारसे काही नसते. एखादी तांत्रिक कल्पना, थोडी कुशल माणसे आणि परदेशांतील काही परिचय, एवढ्या बळावर ती सीमा ओलांडते.

वित्तीय कोसळ, युद्ध, रोगाची साथ किंवा व्यापारावरील आकस्मिक निर्बंध यांमुळे जगाचे अर्थव्यवहार विस्कळित झाले असता अशा संस्था प्रथम बुडतील, अशी अपेक्षा साहजिक आहे. त्यांपैकी काही बुडतातही. परंतु काही संस्था आपल्याहून मोठ्या व जुन्या संस्थांच्या आधी सावरतात, असे आढळून आले आहे. परदेशांशी असलेल्या ज्या संबंधांमधून आघात त्यांच्यापर्यंत पोहोचतो, त्याच संबंधांमधून सुटकेची वाटही निघू शकते, हे या विसंगतीचे मूळ होय.

आघात सोसून पुन्हा कार्यक्षम होण्याच्या शक्तीस येथे ‘लवचिकता’ म्हटले आहे. पदार्थविज्ञानातील स्थितिस्थापकतेहून ही कल्पना वेगळी आहे. ताण काढून घेतल्यावर स्थितिस्थापक पदार्थ मूळ आकार धारण करतो. परिस्थितिविज्ञानात मात्र सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये असे दाखविले, की एखादी व्यवस्था पूर्वस्थितीला न परतताही आपले मूलभूत परस्परसंबंध टिकवून राहू शकते. उद्योगसंस्थेस हा दुसरा अर्थ अधिक लागू पडतो. अरिष्टातून बाहेर पडलेल्या नवोदित संस्थेचे उत्पादन, ग्राहक व बाजारपेठ ही पुष्कळदा पूर्वीपेक्षा निराळी असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सीमापार व्यापारासाठीच जन्मलेल्या संस्था पूर्वीही होत्या. १६०० साली सनद मिळालेली इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनी ही स्थापनेपासूनच आंतरराष्ट्रीय होती. अरिष्टात सापडलेल्या नव्या कंपन्यांचे एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकातील मुंबईत आढळते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व मुंबईहून निर्यात होणाऱ्या कापसाचे भाव प्रचंड चढले. त्या पैशाच्या ओघात नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करण्यासाठी काढलेल्या कंपन्या यांचे मुंबईत अमाप पीक आले. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीसह अनेक कंपन्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्याचे दिवाळे वाजले आणि १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बाँबे गुंडाळावी लागली. या कंपन्यांचे उद्देश भिन्न असले, तरी त्या सर्वांचे भवितव्य एकच माल, एकच दूरची बाजारपेठ आणि एकच तात्पुरते कारण यांवर अवलंबून होते. वरकरणी अनेक दिसणाऱ्या संस्था वस्तुतः एकाच खुंटीला टांगलेल्या असू शकतात, हा त्या घटनेचा बोध आजही ग्राह्य आहे.

विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय विस्ताराचे जे सिद्धांत मांडले गेले, त्यांत तरुण संस्थांना स्थान नव्हते. स्वीडनमधील अप्साला विद्यापीठाशी संबंधित यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे संस्था पायरीपायरीने परदेशांत जाते : प्रथम अधूनमधून निर्यात, मग प्रतिनिधीमार्फत विक्री, नंतर विक्री शाखा आणि अखेरीस उत्पादन. भाषा, रीतिरिवाज व व्यापारी पद्धती यांबाबत जवळचा असलेला देश आधी व दूरचा देश नंतर, असा हा क्रम असतो. अनुभवाने ज्ञान वाढते व ज्ञानाने धाडस वाढते, हे या उपपत्तीचे सूत्र होय.

१९८० नंतर या क्रमात न बसणाऱ्या संस्था ठिकठिकाणी दिसू लागल्या. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील आपल या खेड्यात स्थापन झालेल्या लॉजिटेक या संगणक-उपकरणांच्या कंपनीचे काम थोड्याच काळात स्वित्झर्लंड व कॅलिफोर्निया या दोन्ही ठिकाणी चालू झाले. ऑस्ट्रेलियातील लहान निर्यातदारांची पाहणी करणाऱ्या मायकेल रेनी यांना असे आढळले, की त्यांपैकी एक गट स्थापनेनंतर सरासरी दोन वर्षांच्या आतच निर्यात करू लागला होता. ‘जन्मतः जागतिक’ ही संज्ञा त्यांच्या १९९३ मधील लेखामुळे प्रसृत झाली. बेंजामिन ओव्हिएट व पॅट्रिशिया मॅक्डूगल या अमेरिकन अभ्यासकांनी १९९४ मध्ये या विषयाला सैद्धांतिक बैठक दिली. त्यांच्या मते अशा संस्थेस साधनांची मालकी आवश्यक नसते. इतरांच्या मालकीची साधने करार, परवाने व परस्परविश्वास यांच्या योगाने वापरता आली म्हणजे पुरे. स्वस्त दूरसंचार, विमान वाहतूक, धातूच्या पेट्यांतून होणारी सागरी मालवाहतूक आणि पुढे इंटरनेट यांमुळे हे शक्य झाले. मात्र जी संस्था दुसऱ्याच्या साधनांवर चालते, तिचे आयुष्यही दुसऱ्याच्या स्थैर्यावर अवलंबून राहते, हे त्या काळी फारसे लक्षात घेतले गेले नाही.

दुर्बलतेची कारणे : नवोदित आंतरराष्ट्रीय संस्थेवर एकाच वेळी तीन प्रकारचा भार असतो. पहिला नवेपणाचा. आर्थर स्टिंचकोम या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखविल्याप्रमाणे नव्या संस्थेतील माणसांना आपापल्या भूमिका नव्याने शिकाव्या लागतात, अनोळखी व्यक्तींवर विसंबावे लागते आणि ठरलेल्या ग्राहकांचा आधार तिला नसतो. म्हणून नव्या संस्था जुन्यांपेक्षा अधिक प्रमाणात मोडतात. दुसरा भार लहानपणाचा. भांडवल थोडे असल्याने एखादा मोठा तोटा किंवा थकलेले एखादे देणे तिला पुरते आडवे करू शकते. तिसरा भार परकेपणाचा. परक्या देशातील कायदे, करपद्धती, ग्राहकांच्या आवडीनिवडी व सरकारी कचेऱ्यांच्या रीती माहीत नसल्यामुळे स्थानिक संस्थेला न करावा लागणारा खर्च परकीय संस्थेला करावा लागतो. स्टीव्हन हायमर (१९३४–७४) यांनी हा मुद्दा प्रथम मांडला आणि श्रीलता झहीर यांनी १९९५ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले.

या तिहेरी भाराचा परिणाम हॅरी सॅपिएन्झा, एर्को ऑटिओ व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये स्पष्ट केला. परदेशी बाजारात लवकर उतरल्याने संस्थेच्या वाढीची शक्यता वाढते, परंतु तगून राहण्याची शक्यता घटते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वाढ व तगणे ही दोन उद्दिष्टे एकाच दिशेने जात नाहीत, ही गोष्ट सुबत्तेच्या काळात झाकलेली राहते व अरिष्टात उघडी पडते.

आघाताचे मार्ग : जागतिक अरिष्टाचा तडाखा संस्थेस मुख्यत्वे चार मार्गांनी बसतो.

(१) मागणी : १५ सप्टेंबर २००८ रोजी लेमन ब्रदर्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेने नादारीसाठी अर्ज केला. त्यानंतरच्या मंदीत २००९ साली जगाचा वस्तुव्यापार आकारमानाने सुमारे १२% घटला. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये जागतिक उत्पादन सुमारे ३% घटले. पर्यटन, विमान वाहतूक इ. सेवांची मागणी तर काही आठवड्यांतच जवळजवळ नाहीशी झाली. ज्या संस्थेचे दोनतीनच ग्राहक असतात, तिला सरासरी घट लागू पडत नाही. तिचा ग्राहक एकतर टिकतो किंवा जातो.

(२) वित्त : मंदीत बँका पतपत्रे देण्यास कचरतात, जोखीम भांडवल पुरविणारे गुंतवणूकदार हात आखडता घेतात आणि मोठे ग्राहक देणी लांबवितात. हिशेबाच्या वहीत नफा दिसत असूनही रोकड संपल्यामुळे संस्था बंद पडते, ती अशा वेळी. पैसा ठेवण्याचे ठिकाणही धोक्याचे ठरू शकते. तरुण तंत्रोद्योगांच्या ठेवी मोठ्या प्रमाणावर असलेली अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बंद करण्यात आली. दोनच दिवसांत तेथील शासनाने सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले. परंतु त्या दोन दिवसांत अनेक देशांतील संस्थांना पुढचे पगार कसे द्यावेत याची विवंचना पडली होती. त्यांत भारतीय प्रवर्तकांच्या संस्थाही होत्या.

(३) पुरवठा व वाहतूक : मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज अडकल्याने सुएझ कालवा सहा दिवस बंद पडला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेण्यास प्रारंभ केला. यूरोपकडे जाणाऱ्या नाशिक भागातील द्राक्षांनाही २०२४ च्या हंगामात हा लांबचा मार्ग पतकरावा लागला. नाशवंत माल पाठविणाऱ्या लहान निर्यातदारास वाढलेल्या भाड्याइतकाच वाढलेल्या दिवसांचाही फटका बसतो.

(४) शासकीय निर्णय : युद्धकालीन निर्बंध, सीमाबंदी, प्रवासपरवान्यांवरील मर्यादा आणि आयात कर यांमुळे कालचा फायदेशीर बाजार आज बंद होऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवर लादलेला अतिरिक्त आयात कर दोन टप्प्यांत ५०% वर नेला. अमेरिकेवरच सर्व विक्री अवलंबून असलेल्या निर्यातदारांस अल्पावधीत दुसरी गिऱ्हाइके शोधणे भाग पडले. यांखेरीज हुंडणावळीतील चढउतार हा कायमचा धोका असतो. खर्च एका चलनात व उत्पन्न दुसऱ्या चलनात असलेल्या लहान संस्थेचा नफा केवळ विनिमय दर बदलल्याने पुसला जाऊ शकतो.

लवचिकतेची साधने : वरील धोके सर्वांना सारखे असूनही काही संस्था का तगतात, याची कारणे चार-पाच बाबींत एकवटलेली दिसतात.

राखीव साधने ही पहिली बाब होय. रिचर्ड सायर्ट व जेम्स मार्च यांनी १९६३ मध्ये असे दाखविले, की संस्थेच्या नित्य गरजेहून अधिक असलेली साधने वाईट काळात उशीसारखी उपयोगी पडतात. वेगाने वाढू पाहणाऱ्या संस्थेस पडून राहिलेली रोकड हा अपव्यय वाटतो. परंतु विक्री थांबली असताना किती महिने पगार व भाडे देता येईल, हाच प्रश्न अरिष्टात निर्णायक ठरतो. ही गंगाजळी केवळ तग धरण्यापुरती उपयोगी नसते. नवा मार्ग शोधण्यासाठी लागणारा वेळ तिच्यामुळेच विकत घेता येतो.

दुसरी बाब अवलंबित्वाची विभागणी. अनेक देशांत विक्री असणे ही खरी विभागणी नव्हे. पाच देशांतील ग्राहक एकाच धंद्यातील असतील, तर त्या धंद्याची मंदी पाचही देशांत एकाच वेळी येते. ग्राहक, देश, चलन, पुरवठादार आणि तंत्र या प्रत्येक बाबतीत स्वतंत्रपणे विभागणी करावी लागते. मात्र लहान संस्थेने आपली थोडी शक्ती फार ठिकाणी वाटल्यास कोठेच तिचा जम बसत नाही. यामुळे विभागणी व एकाग्रता यांचा मेळ घालणे हे प्रवर्तकांपुढील सर्वांत अवघड काम असते.

तिसरी बाब शिकण्याचा वेग. एर्को ऑटिओ, हॅरी सॅपिएन्झा आणि जेम्स अल्मेडा यांनी फिनलंडमधील इलेक्ट्रॉनिकी उद्योगसंस्थांचा अभ्यास करून २००० साली असे मत मांडले, की लहान वयात परदेशी गेलेल्या संस्थांना विसरण्यासारखे थोडे असते, म्हणून त्या लवकर शिकतात. जुन्या संस्थेत रुळलेल्या सवयी, विभागांचे हितसंबंध आणि पूर्वीच्या यशाची आठवण ही बदलाच्या आड येतात. तरुण संस्थेत निर्णय घेणारी व्यक्ती व ग्राहकाशी बोलणारी व्यक्ती पुष्कळदा एकच असते. बाजार पालटल्याची वार्ता तिला अहवालाची वाट न पाहता कळते. नवेपणाचा भार हा अशा रीतीने नवेपणाचा लाभही ठरतो.

चौथी बाब संबंधांचे जाळे. योहानसन व वाल्ने यांनी २००९ मध्ये आपल्या मूळ उपपत्तीत दुरुस्ती करून असे म्हटले, की देशाच्या परकेपणापेक्षा त्या देशातील व्यापारी संबंधांच्या जाळ्याबाहेर असणे हीच मोठी अडचण होय. सीमा बंद असताना स्थानिक भागीदार माल उतरवून घेतो, जुना ग्राहक आगाऊ रक्कम देतो, पुरवठादार हप्ते पुढे ढकलतो. असे साहाय्य करारात लिहिलेले नसते. आधीच्या वर्षांतील सचोटीच्या वागणुकीतून ते मिळते. परदेशांत स्थायिक झालेल्या देशबांधवांचे साहाय्यही या जाळ्याचा भाग असते. मात्र केवळ त्यांवरच विसंबल्यास बाजारपेठ त्या मंडळीपुरती सीमित राहते.

पाचवी बाब खर्चाची रचना. कारखाने, गोदामे, दीर्घ मुदतीचे भाडेकरार असा स्थिर खर्च कमी असलेली संस्था संकटात चटकन आकुंचन पावू शकते. परंतु जे दुसऱ्याचे आहे ते संकटकाळी दुसराच प्रथम वापरतो. २०२०–२१ मध्ये मालपेट्यांची टंचाई झाली तेव्हा जहाजांवरील जागा मोठ्या ग्राहकांना आधी मिळाली, याचा अनुभव लहान निर्यातदारांना आला.

काही उदाहरणे : जुलै १९८१ मध्ये पुणे येथे सात प्रवर्तकांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर स्थापिलेल्या इन्फोसिस या कंपनीचे पहिले ग्राहक अमेरिकेतच होते. १९९५ मध्ये कंपनीच्या उत्पन्नापैकी सुमारे २५% उत्पन्न एका बड्या अमेरिकन ग्राहकाकडून येत होते. त्याने दर फार खाली आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा कंपनीने ते काम सोडले. एक ग्राहक, एक देश, एक तंत्र वा एक व्यक्ती यांवर फार विसंबावयाचे नाही, हे धोरण त्यानंतर दृढ झाले, असे संस्थापकांपैकी ना. रा. नारायण मूर्ती यांनी २००७ मधील एका भाषणात सांगितले आहे. हा प्रसंग जागतिक अरिष्टाचा नव्हता. पण पुढील अरिष्टांस तोंड देण्याची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते, हे त्यावरून दिसते.

१९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या व पुढे झोहो म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कंपनीचे अभियंते चेन्नईत आणि ग्राहक परदेशांत होते. दूरसंचाराची यंत्रसामग्री बनविणाऱ्या कारखान्यांना ती संगणकीय आज्ञावली पुरवी. २०००–०२ या काळात इंटरनेट व दूरसंचार व्यवसायांतील तेजीचा फुगा फुटला आणि हे ग्राहक एकापाठोपाठ एक नाहीसे झाले. ग्राहक अनेक असले, तरी ते एकाच धंद्यातील होते. १८६५ च्या मुंबईतील चूक येथे निराळ्या रूपात दिसते. फरक पडला तो पुढे. बाहेरचे जोखीम भांडवल घेतलेले नसल्याने त्वरित परताव्याचा दबाव कंपनीवर नव्हता. रिकाम्या झालेल्या अभियंत्यांना तिने सर्वसाधारण कचेऱ्यांच्या संगणकव्यवस्थेसाठी आज्ञावली तयार करण्याकडे वळविले आणि २००५ पासून इंटरनेटवरून वापरावयाची कार्यालयीन साधने बाजारात आणली. बाजार गेला तरी कौशल्य शिल्लक राहते व ते दुसरीकडे लावता येते, याचे हे उदाहरण होय.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही २०११ मध्ये नोंदलेली शेतकरी उत्पादक कंपनी प्रामुख्याने द्राक्षांची निर्यात करीत आली आहे. मार्च २०२० अखेर देशात टाळेबंदी झाली तेव्हा द्राक्षांचा हंगाम चालू होता. अशा वेळी कंपनीने मुंबई, पुणे, नाशिक इ. शहरांतील ग्राहकांना फळे व भाजीपाला थेट घरपोच पुरविण्याची व्यवस्था उभारली. निर्यातीसाठी उभारलेली प्रतवारी, शीतगृहे व वेष्टन यांची सोय देशी बाजाराच्या कामी आली.

अमेरिकेत २००८ च्या अरिष्टाच्या वर्षीच जन्मलेल्या एअरबीएनबी या निवासव्यवस्था पुरविणाऱ्या कंपनीस २०२० ची साथ जवळजवळ प्राणघातक ठरली. तिने एप्रिलमध्ये २०० कोटी डॉलर उभे केले, मे महिन्यात सुमारे १,९०० म्हणजे एक-चतुर्थांश कर्मचारी कमी केले आणि दूरच्या प्रवासाऐवजी जवळपासच्या व दीर्घ मुक्कामांवर भर दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचे भाग रोखेबाजारात विक्रीस आले.

दोन लागोपाठच्या अरिष्टांचा अनुभव वनवेब या लंडनस्थित उपग्रहसेवा कंपनीस आला. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे उपग्रह अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात तयार होत आणि रशियन अग्निबाणांनी अवकाशात जात. मार्च २०२० मध्ये मुख्य गुंतवणूकदाराने अधिक भांडवल देण्याचे नाकारल्याने तिला नादारीसाठी अर्ज करावा लागला. तोवर तिचे ७४ उपग्रह कक्षेत पोहोचले होते; बहुतेक कर्मचाऱ्यांना मात्र कामावरून जावे लागले. ब्रिटिश शासन व भारतातील भारती उद्योगसमूह यांनी मिळून १०० कोटी डॉलर घालून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उभी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर रशियन अग्निबाणांचा मार्ग बंद झाला. बायकोनूर येथे नेलेले ३६ उपग्रहही परत मिळाले नाहीत. कंपनीने अमेरिकेतील स्पेसएक्स आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची व्यापारी शाखा यांच्याशी तातडीने करार केले. २३ ऑक्टोबर २०२२ व २६ मार्च २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रत्येकी ३६ उपग्रह सोडण्यात आले. एकाच वाहकावरील अवलंबित्व हे तिचे वैगुण्य होते, तर अनेक देशांत गुंतलेले भागधारकांचे हितसंबंध हे तिचे बळ ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये ती फ्रान्समधील यूटेलसॅट कंपनीत विलीन झाली.

शासकीय व संस्थात्मक उपाय : वैयक्तिक दक्षता कितीही असली, तरी युद्ध वा जागतिक मंदी यांचा धोका एकटी लहान संस्था पेलू शकत नाही. या कारणास्तव अनेक देशांत निर्यात-पतविम्याची व्यवस्था आहे. भारतात १९५७ मध्ये याच हेतूने स्थापन झालेला व मुंबईत मुख्यालय असलेला निगम आता ईसीजीसी या नावाने ओळखला जातो. परदेशी ग्राहकाची नादारी, आयातदार देशातील युद्ध, निर्बंध वगैरेंमुळे पैसे न मिळाल्यास निर्यातदारास तो भरपाई देतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय निर्यात-आयात बँकेचे मुख्यालयही मुंबईतच आहे. एप्रिल २००९ मध्ये लंडन येथील परिषदेत २० प्रमुख अर्थव्यवस्थांच्या गटाने व्यापारासाठी दोन वर्षांत २५,००० कोटी डॉलरचे वित्तसाहाय्य उपलब्ध करण्याचे ठरविले. २०२० मध्ये भारत शासनाने लहान उद्योगांच्या कर्जांना हमी देणारी योजना काढली. ब्रिटनने तरुण संस्थांना खाजगी गुंतवणुकीइतकेच व पुढे भागांत रूपांतरित होऊ शकणारे कर्ज देऊ केले. तारण देण्यासारखी मालमत्ता नसलेल्या संस्थांना नेहमीच्या कर्जयोजनांचा लाभ घेता येत नाही, ही अडचण या दुसऱ्या प्रकाराने काही अंशी दूर होते. मात्र सरसकट साहाय्याने मुळातच अव्यवहार्य असलेल्या संस्थाही काही काळ जगविल्या जातात, असा आक्षेप अशा योजनांवर घेतला जातो.

मूल्यमापन : या विषयावरील निष्कर्ष सावधपणे स्वीकारावयास हवेत. अभ्यासासाठी उपलब्ध असतात त्या बहुधा तगलेल्या संस्था. बुडालेल्यांची दप्तरे व माणसे विखुरली जातात. यामुळे धाडस, चपळता इ. गुणांना वाजवीपेक्षा अधिक श्रेय मिळण्याचा संभव असतो. तेच गुण अंगी असूनही बुडालेल्या संस्था किती, हे कळल्याशिवाय त्या गुणांचे खरे मोल ठरत नाही. वित्तसाहाय्य देणारे राष्ट्र, अरिष्टात मागणी वाढलेला व्यवसाय किंवा नेमक्या वेळी उभे राहिलेले भांडवल अशा योगायोगांचाही वाटा मोठा असतो.

दुसरे असे, की संस्थेची लवचिकता व तिच्यातील माणसांची सुरक्षितता या एकच गोष्टी नव्हेत. संस्था चटकन आकुंचन पावली म्हणजे कोणाचा तरी रोजगार गेलेला असतो. देणी लांबविली म्हणजे कोणा लहान पुरवठादाराची चूल थंडावते. आघात नाहीसा होत नाही, तो बहुधा दुसऱ्याकडे सरकविला जातो. एखादी संस्था सावरली असे म्हणताना तो आघात अखेर कोणी सोसला, याचाही हिशेब मांडणे आवश्यक असते.

या मर्यादा लक्षात घेऊनही एवढे म्हणता येते, की तरुण आंतरराष्ट्रीय संस्थेचे तगणे तिच्या वयावर किंवा आकारावर फारसे अवलंबून नसते. ती कशाकशावर विसंबून आहे व त्यांपैकी एक आधार निखळल्यास दुसरा तिच्या हाताशी आहे की नाही, यांवर ते अवलंबून असते. हे आधार अरिष्ट आल्यावर उभारता येत नाहीत. सुबत्तेच्या वर्षांत अनावश्यक भासणारी गंगाजळी, दुसरा पुरवठादार, लहानसा दुसरा बाजार आणि वेळेवर चुकती केलेली देणी यांतून ते आधीच घडलेले असावे लागतात.